दार न ठोठावणारे खानविलकर

दिनकर खानविलकर कोणाचेही दार ठोठावत नाहीत. बेलही वाजवत नाहीत. फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहतात, दर पाच मिनिटांनी एकदा घसा खाकरतात, आणि आपण घरातल्या माणसाला दिसू याची वाट पाहतात. मागच्या हिवाळ्यात माझ्या फाटकाशी ते चाळीस मिनिटे उभे होते. मी आत बातम्या पाहत होतो. शेवटी समोरच्या बाईंनी फोन करून कळवले, की तुमच्याकडे एक गृहस्थ आलेले आहेत आणि त्यांच्या खांद्यांवर बर्फ साचू लागला आहे.

"अहो, बेल वाजवायची होती!" मी चिडून म्हणालो.

"घाई नव्हती," खानविलकर टोपी झटकत म्हणाले. "तुम्ही घरी हजर आहात हे दिव्यावरून कळत होतंच."

या सवयीबद्दल आमच्या मराठी मंडळात निरनिराळ्या उपपत्ती आहेत. मंडळाचे सेक्रेटरी जोगळेकर मिल्टन कीन्सहून आमच्याकडे राहायला आलेले सॉफ्टवेअरवाले. त्यांचे मत असे, की "काका, तो माणूस टोटली वीअर्ड आहे. लोकांची घरं वॉच करतो. जुनी सवय." दुसऱ्या एका गृहस्थांच्या मते खानविलकरांना एकदा बेलचा शॉक बसला होता. तिसरे म्हणतात, मोठेपणा हवा असतो. यजमानाने फाटकापर्यंत यावे अशी अपेक्षा असते. ही तिन्ही मते चूक आहेत, आणि चुकीचे मत शांतपणे ऐकून घेणे माझ्या स्वभावात नाही. मी चाळीस वर्षे हाडांचा डॉक्टर होतो. एक्स-रे पाहिल्याशिवाय मी कोणाच्या पायाला हात लावला नाही. जोगळेकर एक्स-रे न काढताच प्लास्टर घालतात.

तेव्हा खरी हकीकत मीच सांगतो.

खानविलकर तरुणपणी कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि ते वेल्सच्या सीमेला टेकलेल्या आमच्या काउंटीत कोर्टाच्या नोकरीवर आले. काम वॉरंटचे. ज्याला कोर्टाने तारीख दिली आणि जो त्या तारखेला आला नाही, त्याच्या नावाने मॅजिस्ट्रेटांचे बेंच वॉरंट काढते. तो माणूस शोधून कोर्टापुढे उभा करायचा, हे खानविलकरांचे काम. बावीस वर्षे त्यांनी ते केले. "तो पोलिसात होता," असे मंडळात सांगतात. ते पोलिसात नव्हते. ते कोर्टाचे होते, आणि हा फरक समजावून सांगताना ते खुर्चीत सरळ होऊन बसतात.

शहरात हे काम सोपे असावे. आमच्या काउंटीत घरांना नंबर नसतात, नावे असतात. एकाच गावात 'ऑर्चर्ड कॉटेज' नावाची तीन घरे आहेत आणि त्यांपैकी एकाही घरी फळझाड नाही. पत्र एका घरचे, पडते दुसऱ्या घरी, आणि वॉरंट निघते तिसऱ्याच माणसावर. त्यामुळे खानविलकर पत्त्यावर विसंबत नसत. ते पशुखाद्याच्या दुकानात जाऊन गप्पा मारीत उभे राहत. त्यांचा सिद्धान्त असा, की माणूस कितीही लपला तरी आपण लपलो आहोत हे त्याच्या डुकरांना ठाऊक नसते. त्यांना गुरुवारी खाणे लागतेच.

माणूस सापडला, की त्यांचा पहिला प्रश्न वॉरंटबद्दल नसे. "घरात जनावरं किती?" हा असे. "आधी व्यवस्था, मग वॉरंट," हे त्यांचे आवडते वाक्य मी निदान शंभर वेळा ऐकले आहे. त्यांच्या वहीत नावापुढे कोंबड्या, कुत्री, आजारी नातेवाईक असे रकाने असत, आणि शेवटच्या रकान्यात संध्याकाळी खुराडे कोण बंद करणार त्याचे नाव. ते नाव लिहिले गेल्याशिवाय ते कोणाला गाडीत बसवत नसत.

ट्रेव्हर नावाच्या मेंढपाळाची गोष्ट मंडळात फार रंगवून सांगतात. त्यात खानविलकर बकरी घेऊन कोर्टात शिरतात आणि ती बकरी मॅजिस्ट्रेटचे कागद खाते. बकरी नव्हती. कोकरू होते, दोन दिवसांचे, आणि त्याने काहीही खाल्ले नाही. त्याला दात नव्हते. ट्रेव्हर कोर्टाची तारीख चुकला होता तो मेंढ्या व्यात होत्या म्हणून, आणि खानविलकर गेले तेव्हाही त्या व्यातच होत्या. आई मेलेल्या एका कोकराला दर दोन तासांनी बाटलीने दूध पाजावे लागत होते. वहीचा शेवटचा रकाना भरेना. तेव्हा कोकरू सोबत निघाले, आणि ट्रेव्हर उभा राहून आपले म्हणणे मांडीत असताना मागच्या बाकावर खानविलकर कोटाच्या आत धरून त्याला दूध पाजत होते. बेंचवरच्या बाईंनी चष्मा काढून विचारले, "या दोघांपैकी आरोपी कोण?" एवढेच घडले. माझ्यापाशी ट्रेव्हरची साक्ष आहे, कारण त्याचा मोडलेला खुबा पुढे मीच जोडला.

आणखी एक गोष्ट जोगळेकरांना माहीत नाही. ख्रिसमसला खानविलकरांच्या दिवाणखान्यात सतरा-अठरा कार्डे दोरीवर टांगलेली असतात. ती सगळी त्यांनी पकडलेल्या माणसांची असतात. मला माझ्या पेशंटांकडून इतकी कार्डे कधीही आली नाहीत. मंडळातले मात्र एकही कार्ड त्या दोरीवर नसते, आणि मंडळाच्या कार्यक्रमांनाही खानविलकर येत नाहीत. "आखडू आहे," असा त्यावरचा निकाल. निकाल देण्यापूर्वी आमंत्रण गेले होते का, हे मी एकदा भर सभेत विचारले. जोगळेकर म्हणाले, "काका, ग्रूपवर मेसेज टाकला होता ना." खानविलकर त्या ग्रूपवर नाहीत.

आता प्रमिलेची हकीकत. तीही विपरीत करून सांगितली जाते, म्हणूनच हा लेख.

प्रमिला वानखेडे मूळची नागपूरची. वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कामासाठी ती व्हिसावर इकडे आली. आधी स्लाऊला होती, मग आमच्या काउंटीत. सात वर्षांची मुलगी तिच्यापाशी, नवरा अजून नागपुरात. एका शेतावरच्या दोन खोल्यांत ती राहते आणि रोज सकाळी छोट्या गाडीतून गावोगावच्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालीत फिरते. त्या यादीत माझी पत्नी निर्मला दोन वर्षांपासून आहे. निर्मलेचा डावा हात चालत नाही, आणि तिचे केस प्रमिलाच विंचरते, कारण मी विंचरले की निर्मलेला ते चालत नाहीत.

गेल्या मार्चमध्ये तीन दिवस प्रमिला आली नाही. एजन्सीने दुसरी बाई पाठवली. फोन उचलला जाईना. चौथ्या दिवशी मंडळाच्या ग्रूपवर तिनेच लिहिले, तेव्हा उलगडा झाला. स्लाऊला असताना तिच्या गाडीचा फोटो कॅमेऱ्याने काढला होता, वेग जास्त म्हणून. घर बदलल्यावर तिने बँकेला कळवले, शाळेला कळवले, नागपूरच्या सगळ्या मावश्यांना कळवले. लायसन्सवरचा पत्ता तेवढा बदलायचा राहिला. एकामागून एक पत्रे स्लाऊच्या घरी गेली आणि तिथल्या भाडेकरूंनी ती मीटरच्या कपाटात रचून ठेवली. कोर्टाची तारीख आली, गेली, वॉरंट निघाले. कपाट आवरताना एका मुलीने त्या कागदाचा फोटो प्रमिलेला पाठवला, तेव्हा तिला हे सगळे प्रथमच कळले, आणि तिने दाराला आतून कडी घातली.

ग्रूपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. फोन बंद ठेव. काउंटी बदल. आजारी असल्याचे सर्टिफिकेट घे. जोगळेकरांनी लिहिले, "सेफेस्ट म्हणजे काही महिने इंडियाला जाऊन ये." मी तिथल्या तिथे त्यांना सुनावले. पण सुनावून प्रमिलेची कडी निघणार नव्हती. कोणत्याही सकाळी माणसे येऊन तिला मुलीदेखत घेऊन जाऊ शकत होती, आणि त्या मुलीला या देशात दुसरे कोणी नव्हते.

"भाषण पुरे," निर्मला म्हणाली. "त्या खानविलकरांना फोन करा. ती पोर घाबरलीय."

खानविलकर निवृत्त होऊन चार वर्षे झाली आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मुलीला शाळेत कोण सोडणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांची वही भरली होती. ट्रेव्हरची बायको जीन मुलीला शाळेत पोचवणार आणि परत आणणार होती. एजन्सीच्या मॅनेजरला त्यांनी स्वतः भेटून एक दिवसाची रजा ठरवली होती. कोर्टात फोन करून, दहाच्या आत माणूस आपण होऊन आला तर त्याच दिवशी यादीत घेतील, याची खातरजमा केली होती. आणि प्रमिलेच्या दारातून आत सरकवायला मराठीत एक चिठ्ठी लिहिली होती. ती त्यांनी मला वाचून दाखवली: 'उद्या सकाळी सात वाजल्यापासून मी फाटकाशी उभा असेन. मी कोर्टाचा माणूस नाही. पूर्वी होतो, आता कोणाचाच नाही. सोबत डॉक्टर आहेत. मुलीची सोय झालेली आहे. तुम्हाला तारखेची कल्पना नव्हती, हे तुम्ही स्वतः कोर्टात शपथेवर सांगितलेत तर प्रकरण नव्याने सुरू होते. यायचे की नाही ते तुम्ही ठरवायचे.'

सकाळी सातला आम्ही त्या शेताच्या फाटकाशी होतो. चिखल, धुके आणि पलीकडून मेंढ्यांचा आवाज. मी गाडीत बसलो. खानविलकर टोपी हातात घेऊन बाहेर उभे राहिले. साडेसात झाले. आठ झाले. खिडकीचा पडदा एकदा हलला. एक लहान चेहरा दिसला आणि कोणीतरी तो मागे ओढला. कोर्ट तिथून पाऊण तासावर. पावणेनऊला निघणे भाग होते. सव्वाआठ झाले तेव्हा माझा धीर सुटला. मी गाडीतून उतरलो आणि फाटकाची कडी काढली.

खानविलकरांनी माझे कोपर धरले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला प्रथमच हात लावला.

"डॉक्टर, दार ठोठावू नका."

"अहो, अर्धा तास उरलाय!"

"तिनं उघडलं तर ती हजर झाली. आपण उघडायला लावलं तर आपण तिला आणलं."

"आणि वेळ टळली तर?"

"तर उद्या पुन्हा सात वाजता."

"हा हट्ट आहे, खानविलकर! इथे कायदा नाही, माणुसकी नाही. एका पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि तुम्हाला शिष्टाचार सुचतोय!"

मी बरेच बोललो. त्यांनी मला बोलू दिले. मग दाराकडेच पाहत, जबाब द्यावा तशा आवाजात, ते सांगू लागले.

"शुभदाच्या नवऱ्याचा कागद आला होता माझ्याकडे. साधी बाब होती. त्यानं तारीख चुकवली होती. नात्यातला कागद दुसऱ्याकडे द्यायचा, असा नियम आहे. मी दिला नाही. म्हटलं, परका माणूस पहाटे जाऊन दार बडवील. पोर घाबरेल. त्यापेक्षा आपण जावं, दुपारचं, सभ्यपणे."

शुभदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ही गोष्ट मी मंडळात ऐकली होती. त्या गोष्टीत जावई गोरा म्हणून सासऱ्याने दावा साधला आणि हसत बेड्या घातल्या, असे सांगतात.

"गेलो. ठोठावलं. तीन ठोके, मी नेहमी देतो तसे. आतून शुभदा ओरडली, 'बाबा आले!' कणीक मळत होती. तशीच पिठाच्या हातांनी धावत आली आणि दार सताड उघडलं. तिनं दार बाबांना उघडलं होतं, डॉक्टर. आत वॉरंट गेलं."

जावई त्याच संध्याकाळी घरी परत आला. नियम मोडल्याबद्दल वरिष्ठांनी खानविलकरांना समज दिली. शुभदाने त्यानंतर सहा वर्षांत आपले दार वडिलांसाठी उघडलेले नाही.

मी वादाचा माणूस आहे. फाटकाची कडी मी पुन्हा लावली आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

आठ चाळीसला दार उघडले. युनिफॉर्म घातलेली मुलगी आधी बाहेर आली, आणि तिच्या मागून कोटाची बटणे लावीत प्रमिला. तिचे डोळे सुजलेले होते.

"काका, सातपासून बघून राहिली मी तुम्हाला. आवाज तरी द्यायचा ना हो! काऊन असे उभे राहिले थंडीत?"

"तुमचं ठरायचं होतं," खानविलकर म्हणाले.

"मला आतमध्येच ठेवून घेतील का?"

"ते मी सांगू शकत नाही. पण आपल्या पायांनी आलेल्या माणसाकडे बेंच निराळ्या नजरेनं बघतं. बावीस वर्षं मी ते पाहिलंय."

जीन आली होती. प्रमिलेने मुलीची वेणी पुन्हा एकदा घट्ट केली, जरुरीपेक्षा जास्त वेळ लावून, आणि गाडीत बसली.

कोर्टाच्या दारातल्या वयस्क अशरने, म्हणजे इथल्या पट्टेवाल्याने, खानविलकरांना ओळखले. "मिस्टर के! आज कोणाला आणलंत?"

"कोणालाही नाही," खानविलकर म्हणाले. "या स्वतः आलेल्या आहेत. मी सोबतीला आहे." जोगळेकर सांगतात तसे 'हँडओव्हर' वगैरे काही झाले नाही. मी दोन फुटांवर होतो.

आत ते नेहमीच्या सवयीने अधिकाऱ्यांच्या बाकाकडे वळले, मग थबकले, आणि माझ्याजवळ प्रेक्षकांत येऊन बसले. टोपी त्यांनी दोन्ही हातांनी इतकी दाबून धरली होती, की तिचा आकार पुढे नीट झालाच नाही. तीन मॅजिस्ट्रेटसमोर प्रमिला उभी राहिली. शपथ घेऊन तिने स्वच्छ इंग्रजीत सांगितले, की पत्रे कुठे गेली, आपल्याला केव्हा कळले, आणि कळल्यावर आपण घाबरून किती दिवस दार लावून बसलो. हे शेवटचे सांगण्याची गरज नव्हती, तिने सांगितले. सगळे मिळून अकरा मिनिटे लागली. वॉरंट मागे घेतले गेले. वेगाचे मूळ प्रकरण नव्या तारखेला सुरुवातीपासून चालेल, असे सांगून बेंचवरच्या बाई तिला म्हणाल्या, "तुम्ही आता घरी जाऊ शकता."

मंडळात सध्या जी कथा फिरते आहे ती परतीच्या प्रवासाची. खानविलकरांनी त्या बिचारीला कोर्टातून आणून, तिच्याच फाटकाशी, दीड तास गाडीत कोंडून ठेवले आणि दम भरला, अशी ती कथा आहे. रस्त्याने जाताना मंडळातल्या एकाने गाडी पाहिली म्हणे. त्याने गाडी पाहिली असेल. गाडीत मी होतो.

कोर्टापासून दोन मैलांवर प्रमिला मागच्या सीटवर झोपली. किती रात्री ती जागी होती कोण जाणे. शेताच्या फाटकाशी खानविलकरांनी गाडी इतकी हळू थांबवली, की मलाही कळले नाही. मी तिला हाक मारणार, तोच त्यांनी बोट ओठांवर ठेवले. मग कोट काढून, मागे वळून, तो तिच्या गुडघ्यांवर सोडला. जीनला मेसेज केला, की शाळा सुटल्यावर मुलीला घाईने आणू नका, चहा-बिस्कीट द्या.

"माझ्या गोळ्यांची वेळ झालीय," मी अगदी हळू म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते आरशात पाहत होते. आरशात प्रमिला झोपलेली दिसत होती, तोंड किंचित उघडे, हातात कोर्टाचा कागद.

"शुभदा लहानपणी गाडीत अशीच झोपायची," ते पुटपुटले. "घर आलं की मी जोरात हॉर्न द्यायचो. दचकून उठायची. मला गंमत वाटायची."

दीड तास आम्ही दोघे म्हातारे तसेच बसून होतो. धुके केव्हाच उडाले होते. काचेवर ऊन आले तेव्हा त्यांनी सावकाश सनव्हायझर खाली घेतला. तेवढीच काय ती हालचाल.

मग प्रमिला एकदम जागी झाली. "अगं बाई! पोचलो का? किती वेळ झाला काका? उठवलं काऊन नाही मला?"

खानविलकरांनी आरशातून नजर काढली आणि घड्याळ पाहिले.

"आत्ताच पोचतोय," ते म्हणाले.

बावीस वर्षे कोर्टात उभे राहून एकही खोटे वाक्य न बोललेला हा माणूस माझ्यादेखत धडधडीत खोटे बोलला. तिने खात्री करून घेण्यासाठी माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हकीकती खोडून काढीत आलेल्या मी सांगितले, की हो, आत्ताच पोचलो.